‘डिस्क मेली’ म्हणण्याआधी

गेल्या महिन्यात परळच्या एका चाळीच्या कमिटीतून फोन आला. "दादा, ऑफिसच्या पोटमाळ्यावर कमिटीचा जुना कॉम्प्युटर आहे. दुकानात दाखवला, हार्डडिस्क मेली म्हणाले. भंगारवाला खाली उभा आहे. देऊन टाकू ना?"

मी म्हटलं, "त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मी येतोय."

आता हे मी का म्हटलं, ते नीट सांगतो. पोस्ट मोठी आहे. पण तुमची चाळ, मंडळ, वाचनालय किंवा पतपेढी पुनर्विकासात जाणार असेल तर शेवटपर्यंत वाचा. यात तुमच्या घराचा प्रश्न असू शकतो. अतिशयोक्ती नाही करत.

माझी ओळख नव्या मंडळींसाठी. मी लालबागचा. नव्वदीत चौदा वर्षं लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, कॉम्प्युटर असेंबल करून विकायचो, दुरुस्त करायचो. आता धंदा वेगळा आहे, पण जुना स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर अजून पिशवीत असतो. त्यामुळे असे फोन येतात.

तर परळ. चाळ उपकरप्राप्त, पुनर्विकासाची बोलणी सुरू. ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अशा इमारतींचा पुनर्विकास नियम ३३(७) खाली होतो. त्यात १३ जून १९९६ ही तारीख फार महत्त्वाची. त्यानंतर नव्याने निर्माण झालेली भाडेदारी घर मिळण्यासाठी धरत नाहीत. पात्र भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचं चटईक्षेत्र मिळतं. म्हणजे त्या तारखेआधी तुम्ही तिथे होता, हे कागदावर दिसायला हवं. भाडेपावती, विजेचं बिल, मतदारयादी, रेशनकार्ड, जे असेल ते.

तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. यजमान गिरणीत होते, आता नाहीत. खोली मूळ दिराच्या नावावर, ९४ साली पावती यजमानांच्या नावावर झाली. पण त्या काळच्या पावत्या नाहीत. कमिटीचं रजिस्टर तळमजल्यावरच्या कपाटात होतं आणि हिंदमाताचं पाणी कुठे आणि कसं शिरतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. एका पावसाळ्यात त्या रजिस्टरचा लगदा झाला. कमिटीतल्या एका जुन्या सेक्रेटरींना आठवत होतं की १९९९ साली कॉम्प्युटर घेतला तेव्हा सगळं रजिस्टर त्यात चढवलं होतं. खोलीवार. पावती नंबरासकट, वीज मीटरच्या नंबरासकट.

तो कॉम्प्युटर म्हणजे पोटमाळ्यावरचा डबा. आणि डबा भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढायच्या बेतात.

दुकानदाराला मी दोष देत नाही. आजच्या पंचविशीतल्या मुलाने ४० पिनांची रिबन केबल पाहिलेलीच नसते. त्याने डिस्क काढली, यूएसबी अडॅप्टरला लावली, लॅपटॉपवर काही दिसलं नाही, निकाल दिला. दहा मिनिटांचं काम. पण "दिसत नाही" आणि "मेली" यात फरक आहे हो. दरवाजा ठोठावला आणि कोणी उघडला नाही, म्हणून आपण लगेच म्हातारं माणूस गेलं असं म्हणत नाही. आधी बेल चालू आहे का ते बघतो.

माझा अनुभव सांगतो. जुन्या मशीनवर डिस्क दिसत नाही तेव्हा अनेकदा डिस्क चांगलीच असते. दोष असतो वीज, पट्टा, जंपर, बॅटरी किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये. पाचही गोष्टी स्वस्त आहेत, आणि पाचही तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

मी तिथे काय केलं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी, मशीन चालू केलं नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या डब्यात धूळ असते, झुरळांची अंडी असतात, सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात. झाकण उघडलं, ब्रशने साफ केलं, मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का बघितली. २००० सालच्या आसपासच्या पुष्कळ बोर्डांवर ती फुगून फुटलेली सापडतात. इथे ठीक होती. मग सगळं सोडवून नुसता सप्लाय, एका फालतू डिस्कचा भार लावून, मल्टिमीटरवर तपासला. पिवळी तार १२ व्होल्ट, तांबडी ५. १२ ची ओळ ११.४ च्या खाली गेली तर डिस्कची मोटर पूर्ण वेग घेत नाही आणि मग ती दिसणार कशी? इथे सप्लाय बरा निघाला.

मग डिस्क हातात घेतली आणि मागे बघितलं. चार-पाच जोड्यांच्या पिना आणि त्यावर एक इवलीशी काळी टोपी. तिलाच जंपर म्हणतात. जंपर ‘स्लेव्ह’वर होता.

झालं! निम्मं कोडं तिथेच सुटलं. जुन्या आयडीई पद्धतीत एका पट्ट्यावर दोन डिस्क बसायच्या. एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. कोण कोण आहे ते जंपरने ठरायचं. सेक्रेटरींना विचारलं तेव्हा आठवलं, २००३ च्या सुमारास मोठी डिस्क टाकली होती. ती मास्टर झाली, जुनी स्लेव्ह. पुढे मोठी डिस्क कोणीतरी दुसऱ्या मशीनसाठी काढून नेली आणि जुनी, यादीवाली, एकटी राहिली, स्लेव्हच्या स्लेव्ह. मास्टर नसताना एकटा स्लेव्ह कित्येक जुन्या बोर्डांना दिसत नाही आणि बऱ्याच यूएसबी अडॅप्टरांनाही दिसत नाही. काही कंपन्यांच्या डिस्कना तर ‘एकटी’ आणि ‘मास्टर, सोबत स्लेव्ह’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. एकट्या डिस्कला दुसरी जागा दिली तर ती न आलेल्या जोडीदाराची वाट बघत बसते. डिस्कवरच्या लेबलावर हे सगळं छापलेलं असतं. पण वाचतं कोण?

टोपी काढून ‘मास्टर’वर बसवली, अडॅप्टरला लावली, कान जवळ नेला. आवाज फार सांगतो, मंडळी. सरळ चढत जाणारी घुर्र आणि मग बारीक टकटक म्हणजे तब्येत बरी. अजिबात आवाज नाही म्हणजे वीज पोचत नाही किंवा मोटर अडकली. आणि ठराविक तालात ‘टक्... टक्... टक्...’ आला तर ताबडतोब बंद करा. तिथे आत डोकं बिघडलेलं असतं. ते काम स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या लॅबचं आहे, तुमचं-माझं नाही. प्रत्येक वेळी चालू कराल तेवढा डेटा खरवडला जाईल.

आमच्या डिस्कने घुर्र केलं. लिनक्सवर ६.४ जीबीची डिस्क दिसली. कमिटीतला पोरगा टाळ्या वाजवायला लागला. त्याने लगेच फोल्डर उघडायला हात पुढे केला. मी तो हात धरला.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. फारशी कोणाला सांगितलेली नाही.

१९९७. दादरचा एक डीटीपीवाला गिऱ्हाईक. सप्टेंबर महिना, दिवाळी अंकाची पानं लागलेली. त्याच्या मशीनची बॅटरी संपली आणि बायोस सगळं विसरला. मी गेलो, नवी बॅटरी घातली, बायोसमध्ये डिस्क शोधायला लावली. त्या काळी बायोस डिस्क शोधून तीन पर्याय विचारायचा: नॉर्मल, लार्ज, एलबीए. डिस्क आधी एलबीएमध्ये भरलेली होती. मी घाईत नॉर्मल निवडलं. डिस्क दिसली, पण आतलं सगळं वेडंवाकडं. मशीन म्हणालं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. मला वाटलं, डिस्कच बिघडली. मी पार्टिशन पुसून नव्याने केलं आणि फॉरमॅट मारलं.

डिस्क ठणठणीत होती, पानंही जागच्या जागी होती. मी फक्त चुकीचा चष्मा लावून बघत होतो आणि काही दिसत नाही म्हणून घर पाडलं. तो माणूस मला काही बोलला नाही. नुसता खुर्चीत बसून राहिला. मग अख्खा अंक त्याने आणि त्याच्या बायकोने रात्री जागून पुन्हा टाइप केला. मी त्याचं बिल घेतलं नाही, पण त्याने काय होतंय?

तेव्हापासून माझा नियम एकच. जुनी डिस्क दिसली की आधी तिची प्रत, मग बाकीचं. तिच्यावरून विंडोज सुरू करायचं नाही, कारण विंडोज सुरू होताना स्वतःच्या फायली लिहितं. "फॉरमॅट करू का?" या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं नाही. कधीच नाही. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाची फुकट आज्ञावली आहे. ती डिस्कची सेक्टरगणिक नक्कल उतरवते, खराब जागा ओलांडून पुढे जाते आणि नंतर पुन्हा त्या जागांवर परत येते. परळची डिस्क तासाभरात उतरली. थोडे सेक्टर वाचले गेले नाहीत, बाकी सगळं आलं.

मग खरी गंमत. नक्कल उघडली तर यादीची फाइल होती, पण वाचता येईना. कारण त्या काळचं मराठी युनिकोड नव्हतं. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाचे फाँट आणि प्रत्येकाचे संकेत वेगळे. योग्य फाँट नसेल तर ‘सावंत’ऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कमिटीच्या मराठी प्रोग्रॅमला प्रिंटरच्या पोर्टवर लावायचं हार्डवेअर लॉक होतं. ते त्या डब्याच्या मागे अजून तसंच अडकलेलं होतं. म्हणजे वाचायचं तर तोच डबा उभा करणं आलं. भंगारात गेला असता तर कुलूप आणि किल्ली दोन्ही गेलं असतं.

माझ्याकडची दुसरी एक जुनी, धडधाकट डिस्क काढली, नक्कल तिच्यावर उतरवली आणि ती डब्यात लावली. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात. पट्ट्याची तांबडी कड एक नंबरच्या पिनेकडे. नवी सीआर २०३२ बॅटरी घातली. चालू केलं, बायोसमध्ये डिस्क शोधली आणि तोच जुना प्रश्न समोर आला: नॉर्मल, लार्ज की एलबीए?

मुलाला म्हटलं, मुद्दाम नॉर्मल निवड. निवडलं. मशीन म्हणालं, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. मुलाचा चेहरा पडला. म्हटलं, आता एलबीए निवड. निळ्या आकाशात विंडोज ९८ उगवलं.

काकूंची खोली तिथे होती. दिराचं नाव, त्याखाली यजमानांचं नाव, बदलाची १९९४ ची तारीख, पावती नंबर, मीटर नंबर.

आता कोणी म्हणेल, कॉम्प्युटरमधली यादी म्हणजे काय पुरावा? बरोबर आहे. नुसती यादी दाखवून पात्रता मिळत नाही आणि तसं सांगून मी कोणाला फसवणार नाही. यादी वाट दाखवते. मीटर नंबर मिळाला की वीज कंपनीकडे जुन्या जोडणीची चौकशी करता येते. पावती नंबर मिळाला की मालकाकडच्या स्थळप्रतीत कुठलं पान शोधायचं ते कळतं. काकूंनी ते दोन्ही अर्ज केलेत. निकाल अजून लागायचाय. पण आधी त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आता दोन नंबर आहेत.

आणि अशी नोंद पुढे मांडायचीच झाली तर कायदा काय म्हणतो तेही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून नक्कल उतरवली त्याच दिवशी तिचा हॅश काढून कमिटीच्या इतिवृत्तात लिहून ठेवला, दोघांच्या सह्या घेतल्या. मूळ डिस्कवरून चार दिवस विंडोज चालवून मग हे केलं असतं तर समोरच्या वकिलाने विचारलंच असतं, मधल्या चार दिवसांत यात काय काय घातलंत?

परळची ही एकच गोष्ट असती तर एवढं लिहिलं नसतं. गेल्या काही वर्षांत अशी बरीच मशीन हाताखालून गेली.

गिरगावातल्या एका छापखान्यात ४८६ होतं. त्या पिढीच्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची बॅटरी सोल्डर केलेली असायची. ती गळते. हिरवट-पांढरं मीठ पसरतं आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. तो बोर्ड खरोखर मेला होता. डिस्क मात्र शाबूत. तिच्या लेबलावर सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे होते. इतकी जुनी डिस्क आजचे यूएसबी अडॅप्टर बहुधा ओळखतच नाहीत. आयडीईचं तोंड असलेलं दुसरं जुनं मशीन शोधून त्यात ते आकडे हाताने भरले, डिस्क उघडली.

लालबागच्या एका मंडळात उलटी तऱ्हा. मशीन २००४ च्या आसपासचं, साटावालं. कार्यकर्त्यांनी उत्साहाने त्यावर नवी डिस्क लावली, ती दिसेना, म्हणून बोर्ड फेकायला निघाले. त्या वेळच्या काही चिपसेटना दीड गिगाबिटच्या पुढचा वेग कळायचाच नाही आणि नव्या डिस्कशी त्यांचं बोलणंच जमायचं नाही. डिस्कच्या मागे जंपर लावून वेग कमी केला, दिसली. तसंच ३२ जीबीचं. १९९९ च्या आधीचे कित्येक बायोस त्याहून मोठी डिस्क लावली की सुरू होतानाच गोठतात. लोकांना वाटतं बोर्ड गेला. डिस्क काढली की बोर्ड जिवंत.

आणखी एक साधी गोष्ट. थंड मशीनवर डिस्क दिसत नाही, पण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू केलं की दिसते? म्हणजे म्हातारीला उठायला वेळ लागतोय. बायोस हाक मारतो तोवर ती जागेवर आलेली नसते. अशी डिस्क दिसली की त्याच क्षणी नक्कल उतरवा. ती तुम्हाला शेवटची संधी देतेय.

आता माझं मत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे कंपनी सरकारच्या काळातले कागद आजही वाचता येतात. शेकडो वर्षं टिकले. आणि आपल्या चाळीची १९९९ ची यादी आपल्याला वाचता येत नाही, कारण एक काळी टोपी चुकीच्या पिनेवर आहे. नव्वदीनंतरची आपली वीसेक वर्षं अशीच डब्यांत अडकलीत. भाडेकरू संघांच्या याद्या, गिरणी कामगारांचे घरांसाठीचे अर्ज, मंडळांच्या स्मरणिका, वाचनालयांच्या सभासद नोंदी. सगळं कागदावरून "कॉम्प्युटरवर घेतलं" आणि कागद टाकून दिले. आणि आता पुनर्विकासाच्या ट्रकमध्ये सगळ्यात आधी काय चढतं? पोटमाळ्यावरचं सामान.

याला मी एकट्या बिल्डरला जबाबदार धरत नाही. जबाबदार आपण आहोत. वीस वर्षांत कुठल्याही कमिटीने सर्वसाधारण सभेत "आपल्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे?" हा प्रश्न विचारलेला मला माहीत नाही. रंगरंगोटीच्या खर्चावर मात्र दोन तास भांडतो.

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक. पुनर्विकासाच्या करारावर सह्या करण्याआधी कमिटीने जुन्या दप्तराची यादी करावी आणि त्या यादीत जुना कॉम्प्युटर, फ्लॉप्या, सीडी, हार्डवेअर लॉक हे सगळं असावं. एकाच्या नव्हे, दोघांच्या ताब्यात.

दोन. जुनं मशीन ई-कचऱ्यात जरूर द्या, २०२२ च्या नियमांनुसार अधिकृत केंद्रातच द्या. पण डिस्क काढून, नक्कल उतरवून मगच.

तीन. आपल्याकडे व्हीजेटीआय आहे, पॉलिटेक्निक आहेत, आयटीआय आहेत. तिथल्या मुलांना वर्षातून दोन रविवार चाळींमध्ये बोलवा. जंपर आणि बायोस त्यांना पुस्तकात सापडणार नाही. आमच्यासारखे चार जुने लोक शिकवायला येतील. मी तर येईनच.

चार. मंडळांनी गणपतीच्या एका संध्याकाळच्या डीजेचा खर्च बाजूला काढावा. तेवढ्यात दोन अडॅप्टर, बॅटऱ्या आणि नकला ठेवायला दोन नव्या डिस्क येतात. बाप्पा रागावणार नाही. लेखनिक होता तो, नोंदींची किंमत त्याला कळते.

आणि हो, भीती वाटत असेल तर काही करू नका. खरंच. नुसतं मशीन बंद, कोरडं आणि जागेवर राहू द्या. न उघडलेल्या डब्यातून अजून काही वाचवता येतं. "बघू तरी" म्हणून फॉरमॅट मारलेल्यातून मी काही वाचवू शकलो नाही. ९७ सालापासून हे डोक्यातून जात नाही.

ही पोस्ट तुमच्या चाळीच्या ग्रुपवर टाका. आणि आज रात्री एकदा शिडी लावून पोटमाळ्यावर नजर टाका. भंगारवाला रविवारी येतो.